धंतोलीचा जुना नंबर

९ नोव्हेंबर १९८३, बुधवार

उजव्या हाताची तर्जनी आज कामी आली. तिच्या सेवेची नोंद इथंच करून ठेवतो, दुसरीकडे कुठं होणार नाही. आजवर ती मंत्र्यांवर रोखली, कुलगुरूंवर रोखली, संमेलनांच्या अध्यक्षांवर रोखली — कधी वाकली नाही. आज एका पत्र्याच्या डबीनं तिला चावून सुजवली.

डबी म्हणजे टेलिफोन इंडेक्स. मेहुण्यानं मुंबईहून दिवाळीसाठी आणलेली. कडेला ए पासून झेडपर्यंत अक्षरं. काटा हव्या त्या अक्षरावर सरकवायचा, खालची पट्टी दाबायची, की झाकण फाडकन उघडतं आणि नेमकं ते पान समोर येतं. "भाऊजी, आता डायरी चाळत बसायला नको." खरंय. आता बोट चोळत बसायचं.

जुनी खिसाडायरी १९७१ ची, विमा कंपनीनं फुकट दिलेली. शिवण सुटली आहे, रबरबँडच्या जोरावर एकत्र नांदते आहे. तिच्यातली सगळी माणसं या डबीत हलवायची. मुहूर्तही बरा आहे, दिवाळीच्या आधीच आमचा नंबर बदलला. ज्यांना डबीत जागा मिळेल त्यांना नव्या नंबराचं पोस्टकार्ड टाकायचं, असं ठरलं.

पुष्पलता स्वयंपाकघरातून — "समोर अंजनाबाईंना दिलात ना नवा नंबर?"

"दिला," म्हणालो.

दिला नाही.

१० नोव्हेंबर

ही वही माझ्याखेरीज कोणी वाचत नाही. मग काल अर्धवट लिहून कोणाला फसवलं?

नंबर खात्यानं आपणहून बदललेला नाही. मी अर्ज केला होता. टेलिफोन खात्यातले चंपतराव माझं रविवारचं सदर वाचतात, अर्ज कसा लिहायचा ते त्यांनी सांगितलं. कारण: अनावश्यक कॉल.

अनावश्यक कॉल म्हणजे अंजनाबाई. गल्लीच्या पलीकडे घर. मागच्या खोल्या त्या दवाखान्यात आलेल्यांच्या नातेवाइकांना देतात, दोन्ही वेळा जेवू घालतात. धंतोलीत दवाखाने इतके की अख्खा विदर्भ आजारी पडायला इथं येतो, आणि त्यातला अर्धा अंजनाबाईंकडे उतरतो. त्यांच्याकडे फोन नाही. म्हणून प्रत्येकाला माझा नंबर, पी.पी. म्हणून. ज्याच्याकडे फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून वाटायचा आणि शेजाऱ्यानं हातातलं काम टाकून हाका मारत सुटायचं, याला पी.पी. म्हणतात. अंजनाबाईंच्या भिंतीवर तो गेरूनं लिहिला आहे. गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत लोकांना माझं नाव माहीत नाही, लेखन तर नाहीच नाही. नंबर पाठ आहे.

"हॅलो, साहेबाचं घर काय जी? अंजनाबाईकडे आमचा मामा उतरला हाये, लाल फेट्याचा. त्याले बलावा ना."

मी वाक्य अर्धं टाकून खिडकीत जायचं — "लाल फेटेवाले मामा, फोन!" मामा यायचा, आणि फोनशिवायही गावाला ऐकू गेलं असतं अशा आवाजात बोलायचा. कधी रडायचा. मग पुष्पलता त्याच्यासाठी चहा ठेवायची. तोवर माझं वाक्य मरून पडलेलं असायचं.

मला फक्त शांतता हवी होती. लिहिल्यावर हे किती वाजवी दिसतं.

फोनवर टॉवेल गुंडाळून ठेवला आहे, घंटा गल्लीपलीकडे जाऊ नये म्हणून. पुष्पलताला सांगितलं, लिहिताना दचकायला होतं.

१२ नोव्हेंबर

ए ते डी झालं. डी ला जागा पुरत नाही. या शहरात देशमुख, देशपांडे, दाणी आणि देव यांच्याखेरीज कोणी राहतं की नाही? तीन देशमुख गाळले. एक वारला आहे, एक माझ्याशी बोलत नाही, तिसऱ्याशी मी बोलत नाही.

अंजनाबाई कुठंच बसत नाहीत. ए मध्ये बसल्या असत्या. पण ज्याचा नंबर नाही त्याला या डबीत ओळ नाही. मला न विचारता डबीनंच हे ठरवून टाकलं — बरं वाटलं. आपण काही केलंच नाही असं वाटायला लावणारी यंत्रं माणसाला फार आवडतात.

१३ नोव्हेंबर, रविवार

सदर छापून आलं. विषय: पी.पी.वाले. टॉवेलखालून अभिनंदनाचे फोन.

संध्याकाळी समोरच्या ओट्यावर कोणीतरी ते मोठ्यानं वाचत होतं. मी खिडकीआड उभा. सगळे हसत होते, अंजनाबाईसुद्धा. एक म्हातारा मांडीवर थाप मारून म्हणाला, "आमच्या गावच्या पाटलाचं अस्संच हाये. थो तं फोनले कुलूप लावते."

त्यांना वाटलं, मी कुण्या दुसऱ्याची टर उडवतो आहे. माझ्या लेखणीचा इतका चांगला अर्थ आजवर कोणी लावला नव्हता.

१६ नोव्हेंबर

तो म्हातारा सकाळपासून समोरच्या ओट्यावर बसून असतो. तोंड माझ्या खिडकीकडे. हलत नाही.

पानठेल्यावर गाठ पडली. मीच बोलायला गेलो, विंचवाला हात लावून बघतात तसा.

"कुठले?"

"सावनेरच्या तिकडले. नत्थूजी म्हन्तेत मले." बायको बायजाबाई इथल्या दवाखान्यात. पोटात गाठ. "डॉक्टर म्हन्ते, सही करा, आपरेशन करून टाकू. मी म्हनलं, पोराचा फोन येऊ द्या."

पोरगा बळीराम, कोरब्याकडे कोळसा खाणीत. रजा नाही. नत्थूजींनी त्याला तार केली आहे की फोन कर. नंबर त्याच्याकडे आहे, मागच्या सालापासूनचा.

कोणता, ते मी विचारलं नाही.

"तारेनंच विचारा ना. करू की नको, एवढंच तर पाहिजे."

"तारेत पोराचा आवाज येते काय जी?" सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "मोठ्या भावाच्या टायमाले मीच अंगठा देल्ला होता. थो टेबलावरच गेला. वयनी अजून बोलत नाही माह्याशी. आता पोरगा आपल्या तोंडानं म्हनन, करा बाबा, तवा करन."

"येईल की फोन," मी म्हणालो. हो, असं म्हणालो मी.

"तुमचंच ना जी समोरचं घर?"

"हो."

त्यावर ते एकदम संत्र्यांच्या भावाबद्दल बोलू लागले. मी पान न घेताच परत आलो.

१७ नोव्हेंबर

आजही बसले आहेत. खिडकीचा पडदा ओढला तर दिसतं की ओढला. उघडा ठेवला तर ते दिसतात.

१९ नोव्हेंबर, शनिवार

नवा नंबर चिठ्ठीवर लिहिला, खिशात घातला, गल्ली ओलांडली. अंजनाबाई पोळ्या लाटत होत्या.

"या ना जी, साहेब. च्या मांडू?"

नुसता नंबर देता येत नाही, हे तिथं उभं राहिल्यावर कळलं. नंबर दिला की, 'कधी बदलला?' दिवाळीआधी. 'मंग इतके दिवस काहून नाही देल्ला?' — यावर माझ्याकडे उत्तर नाही. महाराष्ट्रात मी ज्यांच्यावर लिहिलं त्या सगळ्यांकडे अशा वेळी उत्तर असतं, म्हणून तर ते मोठे झाले.

"गॅस मिळतो का वेळेवर?" मी विचारलं.

"कुठचा जी. शेगडीच बरी."

परत आलो. चिठ्ठी खिशातच.

२० नोव्हेंबर, रविवार

डब्ल्यू. खालच्या मजल्यावरचे वामनराव. या घराला फोन नव्हता तेव्हा मी साऱ्या जगाला वामनरावांचा नंबर दिला होता. बनियनवर जिना चढून यायचे, धापा टाकत म्हणायचे, "चला, संपादक आहेत." आम्ही दोघं उतरायचो. मी बोलत असताना ते खोलीबाहेर उभे राहायचे, आपल्याच घरात.

ते आता नाहीत. तरी लिहिला. डब्ल्यूत जागा होती.

डबी पूर्ण झाली. जुनी डायरी रद्दीत टाकवत नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

या आठवड्याचं सदर दिलं नाही. संपादकाला सांगितलं, बोट दुखतं.

पुष्पलता मंडईत गेल्यावर एक विचित्र गोष्ट केली. टॉवेल सोडला आणि माझाच जुना नंबर फिरवला. बळीराम फोन करेल तेव्हा त्याला काय ऐकू येईल, ते ऐकायचं होतं. नुसती रिंग जात राहील, अशी खात्री होती.

लगेच उचलला.

"हां जी, बोलो. अंजनाबाई के वास्ते?"

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"मरीज का नाम बताओ भैया, मैं लिख लेता हूं. बाई दोपहर को मेरा डब्बा लेके आती, तब बता दूंगा. अर्जंट है तो दुकान बंद करके अभी जाता."

माणूस ओमप्रकाश. धंतोलीच्याच टोकाला चष्म्याचं दुकान. कित्येक वर्षं फोनसाठी रांगेत होता, तो या महिन्यात मिळाला. नंबर माझा. पहिला फोन वाजला तो यवतमाळहून, अंजनाबाईंसाठी. तो पत्ता शोधत त्यांच्याकडे गेला, तेव्हापासून हे चालू.

"पहले किसी साहब के यहां आता था ना ये फोन?" मी विचारलं. आवाज बदलून. लाज नाही.

"हां, कोई राइटर है. बेचारे का फोन कट गया, बिल नहीं भर सके. बाई ने सबको बोल के रखा है, साहेब के सामने फोन की बात नहीं निकालने का, उनको बुरा लगेगा."

म्हणून संत्र्यांचा भाव.

मी नत्थूजींच्या मुलाचं विचारलं.

"वो नहीं आया अब तक. रोज पूछते बाबा. पन बाजूवाला टेलर बोलता, इतवार को बहुत देर घंटी बजी, लंबी-लंबी, ट्रंक कॉल जैसी. इतवार को दुकान बंद रहता ना अपना. आप कौन बोल रहे?"

"सावनेर से," म्हणालो आणि ठेवला.

परवा रविवारी. दुपारी मी इथं बसून डब्ल्यू लिहीत होतो. पाच वर्षं ज्याची घंटा या टेबलावर वाजली, तो फोन तेव्हा कुलूप लावलेल्या दुकानात, काचेत मांडलेल्या चष्म्यांसमोर वाजत होता.

२३ नोव्हेंबर

पानठेल्यावर थांबून राहिलो. नत्थूजी आले.

"पोराला सुट्टी कधी असते?"

"आइतवारी. आफिसातला बाबू वळखीचा हाये त्याच्या, साहेब लोकं नसले की फोन करू देते." मग स्वतःशीच बोलल्यासारखं — "डॉक्टर तं आता चिडून राहिला. म्हन्ते, बाबा, गाठ तुमच्या पोराची वाट पाहत नाही."

म्हणजे फक्त रविवारी. आणि रविवारी दुकान बंद. माझ्या घरी रविवारी मी असतो, पुष्पलता असते, कुलूप नसतं.

२४ नोव्हेंबर

एक गोष्ट लक्षात आली. दुपारनंतर नत्थूजी ओट्यावरून उठून पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसतात. संध्याकाळी विहिरीजवळ. ते उन्हामागे सरकत असतात. सकाळचं ऊन ओट्यावर असतं, इतकंच. माझ्या खिडकीकडे त्यांनी कधी पाहिलंच नसावं.

थोडं हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच किळस आली.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. ओमप्रकाश माझ्या वयाचा, गोल, हसतमुख. त्याला वाटलं गिऱ्हाईक. नाकावर दोन फ्रेमी चढवूनही झाल्या.

"इस इतवार को दुकान खुला रख सकते?"

"क्यूं जी? इतवार को तो कामठी जाना है, साली की सगाई है."

"मैं बैठता हूं. चाबी दे दो. नत्थूजी का फोन आएगा."

त्यानं हातातली फ्रेम खाली ठेवली. "आप कौन?"

सांगावंच लागलं. "ये नंबर पहले मेरे यहां था."

त्याचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. दया. साधी, निर्मळ दया. उठून त्यानं स्टूल पुढे केलं. "अरे साहब! बैठो ना. ऐसा होता है, टाइम सबका आता. हमारा भी आया था." चहा मागवला.

आजन्म मी लोकांना चिमटे घेत आलो. असा चिमटा कुणाला घेता आला नाही. 'फोन कापला नाही, मीच तुमच्या सगळ्यांपासून सोडवून घेतला' हे वाक्य तोंडात तयार होतं. चहाबरोबर गिळलं. किल्ली घेऊन आलो.

पुष्पलताला रात्री सगळं सांगितलं.  ती उठली, फोनवरचा टॉवेल सोडला, धुवायला टाकला. "उद्या नाश्ता करायला सांगू नका मला," एवढंच म्हणाली.

२७ नोव्हेंबर, रविवार

दुकानात बसून लिहितो आहे. नत्थूजी शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांना एवढंच सांगितलं की दुकानदारानं किल्ली दिली आहे. "बरं केलं जी," म्हणाले. पुढं काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं सांगितलेलं आहे ना.

समोर फोन. काळा, माझ्या घरी होता तसाच. नंबर मधोमध चिकटवलेला. सगळीकडे रिकामे चष्मे आमच्याकडे बघताहेत.

— वाजला. लांब घंटा. ऑपरेटर, खरखर, मग एक तरणा आवाज, फार लांबून: "हॅलो! साहेबाचं घर काय जी?"

"हो," मी म्हणालो. "साहेबाचंच घर. देतो."

नत्थूजींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. ओरडले नाहीत. बोललेच नाहीत. नुसतं ऐकत राहिले. मान हलवत राहिले, जणू त्याला दिसतंय. शेवटी म्हणाले, "बरं." मग, "जेवला काय तू?"

मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

नत्थूजी बाहेर आले तेव्हा डोळे पुसत नव्हते, तसेच ओले ठेवले होते. "मागच्या आइतवारी बी केला म्हन्ते त्यानं. उचलला नाही कोनी." मग घाईघाईनं, मला दुखवू नये म्हणून — "दुकान बंद असन ना जी."

दवाखान्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. सही केली. अंगठा नाही — सही. अक्षर मोठं, एकेक सुटं.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

ऑपरेशन झालं. फार वेळ लागला. रक्त लागलं, दोन बाटल्या अंजनाबाईंकडच्या लोकांनी दिल्या, एक ओमप्रकाशनं. माझं घेतलं नाही, रक्तदाब जास्त आहे म्हणाले.

बायजाबाई शुद्धीवर आल्या. डॉक्टर थकलेले होते. जाता जाता म्हणाले, आठवडाभर आधी केलं असतं तर इतकं कापावं लागलं नसतं. नत्थूजी हात जोडून उभे होते. त्यांना वाटलं, हे आपल्याला बोलले.

"माहीच चुकी हाये जी," ते मला म्हणाले.

नाही, म्हणालो. तुमची नाही. कोणाची, ते तेव्हाही सांगितलं नाही.

१ डिसेंबर, गुरुवार

सकाळी अंजनाबाईंकडे गेलो. पोळ्याच लाटत होत्या. बसलो नाही. म्हणालो, आमचा नवा नंबर सांगायचा राहिला. पहिले दोन आकडे सांगितले. पुढचे त्यांनीच सांगितले. मान वर न करता.

"लाइनमन आमच्याकडेच जेवते जी. बदलला त्याच दिवशी सांगितलं त्यानं, तुमीच अर्ज देल्ला होता म्हणून."

"मग कोणाला दिला का नाही?"

"तुमाले नको होता ना."

"आणि ते, फोन कापला म्हणून?"

"काहीतरी सांगा लागते लोकायले. खरं सांगतलं असतं तं तुमाले नावं ठेवली असती त्याईनं." पोळी तव्यावर टाकली. "बसा. च्या मांडते."

बसलो. चहा घेतला. आता ओमप्रकाशकडे निघालो आहे. रविवारची किल्ली माझ्याकडेच राहू दे, असं सांगायचं आहे.